तट शाबूत, घरे रिकामी

भूमध्य समुद्राची जी शाखा आड्रियाटिक या नावाने ओळखली जाते, तिच्या पूर्व काठावर, क्रोएशिया देशाच्या दक्षिण टोकाला डुब्रोव्हनिक नावाचे एक तटबंद नगर आहे. नगराच्या पश्चिमेस, तटाबाहेरच्या एका उंच खडकावर लोव्ह्रियेनाक हा किल्ला उभा आहे. त्याच्या प्रवेशद्वारावर लॅटिन भाषेत एक वचन कोरलेले आढळते. जगातले सारे सोने पुढ्यात ओतले तरी स्वातंत्र्य विकणे हा बरा व्यवहार नव्हे, असा त्याचा आशय. या किल्ल्याच्या बाहेरील भिंती चारपासून बारा मीटरपर्यंत जाड आहेत. नगराकडे तोंड करून असलेली भिंत मात्र जेमतेम साठ सेंटिमीटरची! उद्या किल्लेदारच फितूर झाला आणि नगरावर उलटला, तर ती भिंत नगरवासीयांना सहज फोडता यावी, अशी ही योजना. शत्रू बाहेरून येतो तसा आतूनही उपजतो, हे या नगराच्या पूर्वजांनी पुरते ओळखले होते.

या छोट्या नगराचा इतिहास स्वातंत्र्यप्रेमी माणसाला मोह घालणारा आहे. १३५८ साली व्हेनिसचे जोखड झुगारल्यापासून १८०८ साली नेपोलियनच्या सेनापतीने ते बरखास्त करीपर्यंत, साडेचारशे वर्षे हे प्रजासत्ताक आपला कारभार आपण पाहत होते. त्याचे जुने नाव रगुसा. त्याच्यापाशी मोठी फौज नव्हती. एका बाजूला व्हेनिसचे आरमार, दुसऱ्या बाजूला तुर्की साम्राज्य, अशा कात्रीत सापडूनही त्याने व्यापार, मुत्सद्देगिरी आणि रोकड यांच्या बळावर आपली मान मोकळी ठेवली. तुर्कांच्या सुलतानाला ते दरसाल साडेबारा हजार सुवर्णमुद्रांची खंडणी भरत असे. आपल्या नगरात आपलेच राज्य राहावे, याची ती किंमत होती.

कारभार सरदार घराण्यांच्या हाती होता, सामान्य जनतेला त्यात वाटा नव्हता, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु त्या सरदारांनी स्वतःवरही अंकुश ठेवला होता. राज्याचा प्रमुख अवघ्या एका महिन्यासाठी निवडला जाई आणि त्या महिन्यात राजकामाखेरीज त्याने वाड्याबाहेर पाऊल टाकू नये असा दंडक होता. १३७७ साली, साथीच्या प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवण्याचा कायदा याच नगराने केला. १४१६ साली त्याने गुलामांच्या व्यापारास बंदी घातली. १६६७ च्या भूकंपाने नगर जमीनदोस्त केले; हजारो माणसे दगावली. उरलेल्यांनी ते पुन्हा बांधले. ६ डिसेंबर १९९१ रोजी युगोस्लाव्ह सैन्याने त्यावर तोफांचा भडिमार केला, छपरे कोसळली, वाडे जळाले. लोकांनी पुन्हा कौले चढविली. आज तटावरून पाहिले, तर जुन्या विटकरी कौलांत नव्या कौलांचा तांबडा रंग उठून दिसतो.

अशा नगरात पाऊल ठेवणारा प्रवासी हरखून गेला तर नवल नाही. सुमारे दोन किलोमीटरचा अखंड तट. मधोमध स्ट्रादून हा राजरस्ता, शतकानुशतकांच्या पावलांनी आरशासारखा गुळगुळीत झालेला. दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांच्या अरुंद गल्ल्या. पंधराव्या शतकात दूरच्या झऱ्यावरून पाणी आणून बांधलेले कारंजे. १३१७ साली फ्रान्सिस्कन मठात स्थापन झालेले आणि अद्याप चालू असलेले औषधालय. सकाळी कवी गुंदुलिच याच्या पुतळ्याभोवती बाजार भरतो. सुकी अंजिरे, साखरेत घोळवलेल्या संत्र्याच्या साली, भाजी घेऊन बायका बसतात. नगर म्हणजे काय, हे या सकाळच्या तासात कळते. माणसे एकमेकांना नावाने हाक मारतात, भाव करतात, प्रकृतीची चौकशी करतात.

दुपार होता होता हे नगर नाहीसे होते आणि त्याच्या जागी एक देखावा उरतो. मोठ्या प्रवासी जहाजांतून उतरलेले लोंढे वेशीतून आत शिरतात. 'गेम ऑफ थ्रोन्स' या दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण येथे झाल्यापासून तर अनेकजण खऱ्या इतिहासाऐवजी त्या कल्पित राज्याच्या खुणा शोधत हिंडतात. गर्दीचा त्रास सोसता येतो, ती संध्याकाळी ओसरते. परंतु त्या गर्दीच्या मागोमाग जे झाले ते ओसरणारे नाही. १९९१ साली तटाच्या आत पाच हजारांवर माणसे राहत होती. आज ती संख्या दोन हजारांच्याही खाली उतरली आहे. घरे जागच्या जागी आहेत, उलट पूर्वीपेक्षा नीटनेटकी आहेत; पण त्यांतील कितीतरी घरांच्या किल्ल्या दर तीन दिवसांनी नव्या पाहुण्याच्या हाती जातात. कायम बिऱ्हाडापेक्षा चार रात्रींचा पाहुणा अधिक पैसा देतो. मग घरधनी घर पर्यटकाला देऊन स्वतः उपनगरात राहायला जातो. गिऱ्हाईकच उरले नाही म्हणून रोजच्या गरजेचे दुकान उठते आणि तेथे शोभेच्या वस्तू येतात. यात कोणी दुष्ट नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचाच व्यवहार केलेला असतो, आणि त्या साऱ्या शहाणपणांची बेरीज मात्र एका नगराचा अंत ठरते.

नियतीचा उपरोध पाहा. पूर्वजांनी सोने देऊन स्वातंत्र्य राखले. वंशजांनी सोने घेतले, आणि ज्यासाठी ते राखले होते ते नगरच हातचे निसटू लागले. सुलतानाला जे जमले नाही, तोफांना जे साधले नाही, ते एकेक घराच्या भाडेपट्टीने साधले. पातळ भिंत ज्या दिशेला ठेवली होती, धोका त्याच दिशेने आला.

समाधान इतकेच की नगरपालिकेला जाग आली आहे. एका वेळी दोनच जहाजे आणि चार हजारच प्रवासी, अशी मर्यादा २०१९ साली ठरली. चाकांच्या पेट्या दगडी गल्ल्यांतून खडखडत ओढू नका, रहिवाशांची झोप मोडते, अशी विनंती २०२३ मध्ये पर्यटकांना करण्यात आली. जुन्या नगरात घरे पर्यटकांना भाड्याने देण्याचे नवे परवाने थांबविण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. युद्धानंतर पोळलेल्या या गावाला पर्यटनानेच पुन्हा उभे केले, ही गोष्ट खरी. म्हणूनच हे निर्णय घेणे सोपे नव्हते. ते उशिरा झाले, पण झाले.

वाचक विचारतील, या दूरच्या नगराशी गोमंतकाचे काय नाते? नाते आहे, आणि ते जुने आहे. कुंभारजुव्याजवळ गवंडाळी येथे सां ब्राझ या संताचे चर्च आहे. हाच संत डुब्रोव्हनिकचा ग्रामदेव. सोळाव्या शतकात गोव्याच्या व्यापाराकडे ओढल्या गेलेल्या रगुसाच्या दर्यावर्द्यांनी ते उभारले, असे क्रोएशियाचे अभ्यासक मानतात. त्या चर्चपासून थोड्याच अंतरावर जुने गोवे आहे. माणसे निघून गेल्यावर नगराचे काय होते, ते पाहायला आपल्याला युरोपात जायला नको. साथींनी ते पोखरले, १७५९ साली व्हाइसरॉयने पणजीला मुक्काम हलविला, आणि एकेकाळची गजबजलेली राजधानी माडांच्या बनात विरून गेली. १९८६ साली जागतिक वारसा म्हणून तिचा गौरव झाला तेव्हा तेथे चर्चे होती, नगर नव्हते.

जे तेथे तापाने केले, ते आज आपल्या किनाऱ्यावर पैसा करू पाहत आहे. पणजीच्या फोंताइन्हास वाड्यातील रहिवाशांना आपल्याच दारात छायाचित्रे काढू नका, असे फलक लावावे लागतात. गावोगावची जुनी घरे सुट्टीपुरती उघडणाऱ्या मालकांकडे जात आहेत. ती घरे विकणाऱ्यांत बाहेरचा कोणी नसतो, आपणच असतो. पर्यटक हा पाहुणा आहे. त्याचे स्वागत हा आपला धर्म आहे. पण पाहुण्याचे स्वागत करायला घरात यजमान तर असला पाहिजे! कोणत्या वाड्यात किती घरे भाड्याला द्यावीत, कोठे थांबावे, हे ठरविण्याचा अधिकार ग्रामसभांनी आजच वापरावा आणि शासनाने त्यामागे कायद्याचे बळ उभे करावे. डुब्रोव्हनिकने पाच हजारांतील तीन हजारांहून अधिक माणसे गमावल्यावर जे केले, ते आपण गमावण्यापूर्वी केले पाहिजे.

दर वर्षी ३ फेब्रुवारीला त्या नगरात ग्रामदेवाची मिरवणूक निघते. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक निशाणे घेऊन येतात, उपनगरांत गेलेली कुटुंबेही तटाच्या आत परततात. चतुर्थीला मुंबईहून गोव्याचे मूळ घर उघडायला येणाऱ्यांना ही ओढ कळेल. पण वर्षातून एकदा उघडणाऱ्या दारांवर गाव तगत नाही. पालखीला खांदा द्यायला माणूस हवा असेल, तर तुळशीपुढे दिवा लावणारे कोणी तरी त्या घरात रोज राहिले पाहिजे.