बोस्टन पाठ, साष्टी ऑप्शनला!

आमचा एक सीनियर एमएससाठी मॅसॅच्युसेट्सला गेला. जाण्याआधी कॅन्टीनमध्ये त्याने आम्हाला त्या राज्याचा अख्खा इतिहास ऐकवला. १६२० मध्ये प्लिमथला उतरलेले पिलग्रिम्स, १६३० मध्ये वसलेलं बोस्टन, १७७३ ची टी पार्टी, मग क्रांती, मग कापडाच्या गिरण्या आणि आता एमआयटी! मीही मध्येमध्ये भर घालत होते. कॉन्व्हेंटमध्ये टी पार्टी पाठच केली होती ना! तेवढ्यात चहा देणाऱ्या काकांनी विचारलं, "आणि आपल्या साकीनाक्याचा इतिहास काय गं?"

"ट्रॅफिक!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीसुद्धा हसले, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

घरी येऊन वाचायला बसले आणि पहिलाच धक्का बसला. इंग्रजी पुस्तकातलं 'साल्सेट' आणि चिमाजी अप्पांच्या गोष्टीतलं 'साष्टी' या दोन वेगळ्या जागा आहेत असं मी वीस वर्षं समजत होते. दोन्ही एकच! वांद्र्यापासून ठाणे-घोडबंदरपर्यंत पसरलेलं हे बेट. म्हणजे आपलं साकीनाका, मरोळ, पवई, घाटकोपर सगळं त्यातच.

मित्रांनो, या बेटाचा इतिहास मॅसॅच्युसेट्सपेक्षा जराही कमी नाही. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, म्हणजे प्लिमथच्याही ८६ वर्षं आधी. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई. आणि पुढचा योगायोग बघा. बोस्टनच्या समुद्रात फेकलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. त्यानंतर एका वर्षाने, डिसेंबर १७७४ मध्ये, त्याच कंपनीच्या फौजेने ठाण्याचा किल्ला घेतला! तिकडे अमेरिकनांचं युद्ध, इकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध, एकाच काळात. १७८३ मध्ये अमेरिका सुटली. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, पण साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. अर्धी गोष्ट आपल्याला पाठ आहे, उरलेली अर्धी आपल्या पायाखाली घडली आणि ती आपण ऑप्शनला टाकली!

पुरावे लांब शोधायला नकोत. सीप्झच्या आवारात १५७९ सालचं पोर्तुगीज चर्च पडक्या अवस्थेत उभं आहे. मरोळच्या गावठाणातली माझी ईस्ट इंडियन मैत्रीण त्याच्या सणाला घरच्यांबरोबर जाते. तिची आजी घरात मराठीच बोलते. शाळेत आम्ही तिला "तुम्ही मूळचे गोव्याचे का?" असं विचारायचो. ती बिचारी दर वेळी सांगायची, "आम्ही इथलेच." आज त्याची लाज वाटते. मुळात बाहेरून आलेले आम्ही, आणि प्रश्न तिला!

साष्टी हे नाव गेलं कुठे? १९५० आणि १९५७ मध्ये बेटाचा मोठा भाग बृहन्मुंबईत आला, १९९० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा झाला. आता आपण 'उपनगर', म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी कडेला असलेले! खरं तर मुंबईच्या सात बेटांपेक्षा साष्टी कितीतरी मोठी.

कोणी म्हणेल, इंजिनीअरला इतिहास कशाला? मला वाटतं, आपल्यालाच जास्त हवा. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, मुंबईला नळाचं पाणी मिळालं. त्या विहारचं आणि पवईचं जादा पाणी घेऊन मिठी नदी साकीनाक्याजवळून कुर्ल्याकडे आणि पुढे माहीमला जाते. आपण तिला नाला म्हणायला लागलो, काठ भराव टाकून बुजवले, विमानतळापाशी तिला काटकोनात वळवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नदीने स्वतःची जुनी जागा दाखवून दिली. इतका पाऊस कुठेही पाणी साठवेलच, हे मान्य. पण नदीला नदी म्हणून ओळखलं असतं तर इतकी माणसं गेली नसती, असं मला ठाम वाटतं. साइटचा इतिहास हासुद्धा एक डेटाच आहे, आणि तो न बघता केलेलं डिझाइन फसतं.

अमेरिकेला जाऊ नका असं मी म्हणत नाही. मलाही जायचंय! पण तिथे कोणी "तू कुठली?" असं विचारलं तर "मुंबई, एअरपोर्टजवळ" यापलीकडे दोन वाक्यं सांगता यायला हवीत. सुरुवात म्हणून एवढंच करू या: एफईच्या मुलांना पहिल्या आठवड्यात वर्कशॉप आणि लायब्ररी दाखवतो, तसं एका सकाळी पवई तलावापासून मिठीच्या काठाने कुर्ल्यापर्यंत चालवू या. काकांनाही बोलावू. प्रश्न त्यांचाच होता.