खोडदच्या शांततेचे मोल

पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या वादात खोडद येथील ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीचे नाव वारंवार येते. विजेवर धावणाऱ्या गाड्यांतून उठणारा रेडिओ गोंगाट निरीक्षणांत व्यत्यय आणील, असा शास्त्रज्ञांचा आक्षेप; तर जुन्नर-नारायणगाव परिसराला रेल्वे हवीच, असा स्थानिकांचा आग्रह. ही दुर्बीण नेमके काय पाहते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

एकच उदाहरण घेऊ. ताऱ्यांमधल्या पोकळीत हायड्रोजनचा अतिविरळ वायू असतो. सुमारे १४२० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी तो उत्सर्जित करतो, तशाच शोषूनही घेतो. या लहरी प्रथम १९५१ साली टिपल्या गेल्या. पुढे, तेजस्वी स्रोतासमोरचा वायू ठिकठिकाणी किती शोषण करतो, हे मोजून त्याची वीण तपासली जाऊ लागली. १९७६ साली त्यात पृथ्वी-सूर्य अंतराच्या शंभरपटीहूनही लहान असमानता आढळली. या जर दाट गाठी असतील, तर अंतर्गत दाबामुळे त्या फार काळ टिकू नयेत. मग त्या दिसतात कशा? २००० साली अविनाश देशपांडे यांनी उलगडा सुचविला: या वेगळ्या गाठी मानण्याचे कारण नाही, सर्व आकारांत पसरलेल्या असमानतेचाच तो परिणाम आहे. जीएमआरटीने कॅसिओपिया-ए या ताराअवशेषासमोरील वायू तपासला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लहानमोठी असमानता एकाच गणिती नियमात बसलेली आढळली. तारे याच वायूतून घडतात, म्हणून या विणीला महत्त्व.

असे मापन अत्यंत क्षीण फरकांवर अवलंबून असते. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा खगोलशास्त्रासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर राखीव असला, तरी विजेच्या ठिणगीला तो नियम ठाऊक नसतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत; त्या उचलून दुसरीकडे नेता येणार नाहीत. रेल्वेचा मार्ग कागदावर असेतोवर बदलता येतो.

तथापि, या शांततेची किंमत केवळ परिसरातील गावांनीच मोजावी, हेही न्याय्य नाही. दुर्बीण राष्ट्राची असेल, तर तिच्या निर्बंधांचा भारही राष्ट्राने उचलावा. जुन्नरकरांना दळणवळणाचा सक्षम पर्याय देणे, हा त्या संशोधनाच्याच खर्चाचा भाग मानायला हवा.