पाडा गेला प्रभागात

जागतिक आदिवासी दिन, म्हणजे ९ ऑगस्ट, जवळ आला की पालघर आणि गडचिरोलीतल्या तालुक्याच्या गावांत तयारीला जोर येतो. तारपा वाजतो, रेला नाचला जातो, पुढाऱ्यांचे सत्कार होतात. हे सगळे व्हायलाच हवे. पण या सदरात आपण स्थानिक कारभाराबद्दल बोलतो, म्हणून मला त्या दिवशी एकच प्रश्न विचारावासा वाटतो : ज्या नगरपंचायतीच्या मांडवात हा सोहळा होतो, तिच्या कारभारात आदिवासींना आदिवासी म्हणून काय अधिकार आहे?

उत्तर कडू आहे. जवळजवळ काहीच नाही.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे घटनेच्या पाचव्या अनुसूचीत मोडणाऱ्या आदिवासी भागातल्या, ग्रामसभेला फार मोठी गोष्ट दिली. आपल्या रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख, गावाची सामायिक साधनसंपत्ती आणि तंटे सोडवण्याची जुनी रीत जपायला ग्रामसभा सक्षम आहे, असे हा कायदा सांगतो. भूसंपादनाआधी तिचा सल्ला घ्यावा लागतो. सरपंच आदिवासीच असतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियम केले आणि एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची वाट मोकळी झाली. वाघदेवाची जागा कुठे, देवराईची हद्द कुठवर, हे ठरवायला त्या पाड्याला मुंबईकडे बघायची गरज उरली नाही.

दहाएक वर्षांपूर्वी राज्याने तालुक्याच्या गावांना सरसकट नगरपंचायती दिल्या. मोखाडा, विक्रमगड, तलासरी, धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागड ही सगळी अनुसूचित क्षेत्रातली गावे. रस्ते, दिवे, नळपाणी यांसाठी जादा निधी येईल म्हणून अनेकांना आनंदच झाला, आणि सोयी मागण्यात गैर काहीच नाही. पण गाव नगरपंचायत झाले की पेसाची ग्रामसभा संपते. गावाचे सतरा प्रभाग पडतात. पाड्याच्या नावाऐवजी कागदावर प्रभाग क्रमांक येतो. नगराध्यक्षपदाचे आरक्षण राज्यभराच्या सोडतीवर जाते. पाचव्या अनुसूचीतली जमीन तीच, माणसे तीच, आणि त्यांनी एकत्र बसून ठराव करण्याची कायदेशीर जागा मात्र गेली.

मोखाड्याचा बोहाडा आठवून पाहा. रात्रभर संबळ-पिपाणी वाजते, मशालींच्या उजेडात एकामागून एक देवदेवतांची, दैत्यांची सोंगे नाचत येतात. एवढा जड मुखवटा डोक्यावर बांधून नाचायचे म्हणजे अंगात बळ लागते. हा उत्सव कुठल्या वाटेने फिरायचा, कुठे थांबायचा, त्यासाठी कुठली जागा मोकळी राहायची, हे लोकांनी ठरवावे. उद्या त्या जागेवर व्यापारी गाळे बांधायचा ठराव सतरा नगरसेवकांच्या सभेत आला, तर तो अडवायला ग्रामसभा कुठे आहे? फार तर हरकत-सूचनेचा अर्ज.

ही पोकळी अपघाताने राहिलेली नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनेच अनुसूचित क्षेत्र नगरपालिकांच्या भागातून वगळले आणि ते लागू करायचे तर संसदेने अपवाद व फेरबदलांसह कायदा करावा, असे सांगितले. भूरिया समितीने १९९५ मध्ये शहरी भागासाठी शिफारशी दिल्या. २००१ मध्ये विधेयकही राज्यसभेत आले. त्याचा कायदा आजवर झालेला नाही. तरी नगरपंचायती स्थापन होत राहिल्या. मला हा घटनेचा सरळ अवमान वाटतो, आणि सर्व पक्षांनी तो मिळून केला आहे.

धानोऱ्याजवळच मेंढा-लेखा आहे. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेने स्वतःच्या परवान्यावर बांबू विकला. एकाच तालुक्यात, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला नगरपंचायतीच्या हद्दीतले गोंड कुटुंब, ज्याला असा ठराव करायला सभाच नाही.

वाट निघू शकते. छत्तीसगडमध्ये धमतरी जिल्ह्यातल्या नगरी या नगरपंचायतीच्या हद्दीतल्या वस्त्यांना २०२१ मध्ये चार हजार हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क दिले गेले. म्हणजे शहर झाले म्हणून वनहक्क बुडत नाहीत. आपल्याकडे राज्यपालांना पाचव्या अनुसूचीखाली कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता बदल करता येतो. २०२० मध्ये वनहक्क कायद्याबाबत तो अधिकार वापरलाही गेला. तोच अधिकार वापरून १९६५ च्या नगर परिषद कायद्यात पाडासभेची तरतूद का होऊ नये? पाड्याच्या देवस्थानाला, स्मशानाला, नाचाच्या मैदानाला हात लावण्याआधी पाडासभेची संमती घ्यावीच लागेल, आणि अनुसूचित क्षेत्रातल्या नगरपंचायतीचा अध्यक्ष आदिवासीच असेल, एवढ्या दोन ओळी पुरेत.

नगरपंचायतींनाही सरकारची वाट पाहायचे कारण नाही. प्रत्येक पाड्याचे नाव, त्याच्या देवांच्या जागा, पाणवठे आणि वहिवाटीचे रस्ते पाड्यातल्या जाणत्या बायाबापड्यांबरोबर फिरून नोंदवायचे, नकाशावर आणायचे, आणि तो नकाशा विकास आराखड्याला जोडण्याचा ठराव करायचा. हे काम एका पावसाळ्यानंतर सुरू करून दुसऱ्याआधी संपवता येते. ९ ऑगस्टच्या मांडवात या ठरावाचे वाचन करायला कोणती नगरपंचायत पुढे येते, ते मला पाहायचे आहे.