‘रोजा’ने टाळलेला हिशेब

मणिरत्नम यांचा ‘रोजा’ हा तमिळ चित्रपट १५ ऑगस्ट १९९२ रोजी प्रदर्शित झाला. पुढे तो हिंदीतूनही आला आणि महाराष्ट्रातील बहुतेकांनी तो त्याच रूपात पाहिला. ए. आर. रहमान यांच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, राष्ट्रीय एकात्मतेवरील चित्रपटाचा सन्मानही त्याला लाभला. ही कीर्ती अस्थानी नव्हे. परंतु या कौतुकात चित्रपटाचा मूळ प्रश्न झाकोळून गेला. तो प्रश्न देशभक्तीचा नसून मोबदल्याचा आहे.

तमिळनाडूच्या खेड्यातील रोजा ही नवविवाहिता. तिचा पती ऋषिकुमार हा सांकेतिक संदेश उलगडणारा तज्ज्ञ. काश्मीरमध्ये अतिरेकी त्याला पळवतात आणि कैदेतील आपल्या नेत्याची सुटका मागतात. हिंदी न जाणणारी रोजा अधिकाऱ्यांपासून मंत्र्यांपर्यंत दारे ठोठावत फिरते. तिला पती हवा आहे. लष्कराला मात्र मोठ्या कष्टाने पकडलेला कैदी सोडणे मान्य नाही.

दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि पेच आहे तो इथेच. आज दिलेली सुटका ही उद्याच्या अपहरणासाठी दिलेली उचलच ठरते. सुटकेचा लाभ एका घराला मिळतो, तो डोळ्यांना दिसतो. तिची किंमत मात्र पुढे केव्हातरी अनोळखी घरांना मोजावी लागते. ती घरे कोणती हे आधी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून त्यांच्या वतीने मंत्र्याचे दार ठोठावणारी कोणी रोजा नसते.

ही केवळ पडद्यावरची गोष्ट नाही. डिसेंबर १९८९ मध्ये तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांची कन्या रुबैया सईद हिच्यासाठी पाच अतिरेक्यांना सोडण्यात आले. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला नेलेल्या विमानातील प्रवाशांसाठी तिघांना सोडावे लागले. त्यांपैकी मसूद अझहर याने २००० साली जैश-ए-मोहम्मद ही संघटना उभारली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले, त्या हल्ल्याची जबाबदारी याच संघटनेने घेतली. म्हणून १९९९ चे प्रवासी मरू द्यायला हवे होते, असे कोणता सहृदय माणूस म्हणू धजेल?

‘रोजा’ या पेचाच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि मागे फिरतो. सरकार अदलाबदलीस तयार होते, पण तत्पूर्वी ऋषी निसटतो आणि अतिरेक्याचे मन द्रवते. पत्नीला पती मिळतो, सरकारला कैदी राखता येतो. हिशेब जुळतो तो कोणालाच काही द्यावे लागत नाही म्हणून. जळता ध्वज स्वतःच्या अंगाने विझवणाऱ्या ऋषीला टाळ्या मिळाल्या. रोजाचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर संकटाच्या घटकेला शोधून भागणार नाही. नियम आधी ठरला पाहिजे, आणि तो मंत्र्याच्या कन्येला व कचेरीतील कारकुनाला सारखाच लागू झाला पाहिजे. ज्या दिवशी राज्यसंस्था एखाद्या रोजाला ‘नाही’ म्हणेल, त्या दिवसापासून ती त्या घराची जन्माची ऋणको होते. ते ऋण फेडण्याची तयारी नसलेल्या समाजाला तिच्याकडून त्याग मागण्याचा अधिकार नाही.