सलामी झाली, ग्रामसभा राहिली



१ मे २०१९, महाराष्ट्र दिन. आपल्याकडं तेंदूपत्त्याचे दिवस होते. त्या दिवशी गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात, जांभुळखेड्याजवळ, नक्षल्यांनी रस्त्यात भूसुरुंग उडवला. पोलिसांच्या शीघ्र कृती दलाचे १५ जवान गेले. त्यातले तिघं आपल्या भंडारा जिल्ह्यातले: भूपेश वालोदे, नितीन घोरमारे, दयानंद शहारे. लाखनी, साकोली, लाखांदूर, असे तीन तालुके एकाच दिवशी रडले. जवानांना नेणारी गाडी खासगी होती. तिचा चालकही गेला. त्याच्याजवळ ना बंदूक, ना वर्दी. म्हणून मोजताना १५ वर थांबू नका. १६ माणसं गेली.

असा मुलगा गावी येतो तेव्हा काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिरंगा, बंदुकीची सलामी, साहेबांच्या गाड्या. दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागतो. त्यावर जवानापेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा. सलामी हवीच, तो त्याचा हक्क आहे. पण गाव जे करते ते फोटोत येत नाही. आजूबाजूच्या घरी चूल पेटत नाही. बाया रात्रभर त्याच्या आईजवळ बसून राहतात. रोवणीचे दिवस आले की चार घरची माणसं त्या बांधीत उतरतात, मजुरी कोणी विचारत नाही. आम्ही मान म्हणतो तो याला.

काही साथी विचारतात, पोलिसांचा मान आपण कायले करायचा? मोर्चा अडवायला तेच उभे राहतात, जंगलात सरपण आणणाऱ्या बाईला तेच दरडावतात. प्रश्न खोटा नाही. पण वर्दीच्या आतला पोरगा कुठला आहे तेही पाहा. पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं आपलीच आहेत. घरी दोन-अडीच एकराची वनजमीन, तिचा पट्टा नाही, पट्टा नाही म्हणून कर्ज नाही, पाण्याची सोय नाही. मग पोरगा पळतो. नोकरी लागली तर घर उभं राहते. त्याचा जीव घेणारा भूसुरुंग आमच्या नावानं पेरला असं कोणी सांगत असेल, तर आमच्या ग्रामसभेनं तसा ठराव कधी घेतला नव्हता. आणि शहिदाचं नाव पुढं करून वनहक्क मागणाऱ्याला नक्षलवादी ठरवणंही आम्हाला मान्य नाही. दोन्हीकडून आमच्याच घरातली माणसं मरतात.

आता तारखेचं. २१ ऑक्टोबर हा देशभर पोलिस स्मृतिदिन असतो. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथं चिनी सैन्याच्या गोळ्यांनी १० पोलिस मारले गेले. तेव्हापासून दरवर्षी या दिवशी मुख्यालयात, वर्षभरात कामावर मेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. आणि त्याच्या १०१ वर्षं आधी, २१ ऑक्टोबर १८५८ ला, इंग्रजांनी चांद्याच्या तुरुंगात वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली. वय फक्त २५. जंगोम दल उभं करून या मातीसाठी लढलेला आपला माणूस. एकाच तारखेला सरकारचे पोलिस आणि सरकारशी लढलेला गोंड वीर, दोघांची आठवण. आम्हाला यात अडचण वाटत नाही. उलट गावाला एक चांगला दिवस मिळतो. सकाळी बाबुरावांच्या फोटोला हार घालतोच, त्याच बैठकीत या तिघांची नावं वाचा. आपल्या गावातला कोणी सैन्यात, पोलिसात, वनखात्याच्या रोजंदारीत वणवा विझवताना गेला असेल, त्याचंही वाचा. वणव्यात गेलेल्याला सलामी मिळत नाही.

पण नावं वाचून उठू नका. त्या घराच्या जमिनीचं काय झालं तेही त्याच बैठकीत विचारा. वनहक्क कायदा २००६ चं कलम ४(४) म्हणते की हा हक्क वारसाकडं जातो, विकता येत नाही, आणि लग्न झालेल्यांच्या बाबतीत नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. म्हणजे माणूस गेला तरी त्याच्या बायकोचा हक्क जात नाही. बापाच्या नावावर दावा असेल तर आईचं नाव त्यात आहे का, बघा. बऱ्याच कागदांवर नसते.

गावात एक कुजबूज फार चालते: पोरगा पोलिसात आहे, मंग तुमचा दावा बाद. घरात नोकरदार आहे म्हणून दावा बाद, असं कलम या कायद्यात नाही. कोणी तोंडी सांगितलं तर लेखी मागा, कारणासकट. निर्णय अमान्य असेल तर वरच्या समितीकडं ६० दिवसांत जाता येते. पुराव्यात जुन्या माणसांचं लेखी निवेदन चालते. जुन्या विहिरी, देवस्थानं, माणसं पुरल्याच्या जागा, हेही नियम १३ मध्ये लिहिलेलं आहे. आपले मेलेलेही आपली साक्ष देतात.

राहिलं स्मारक. चौथरा बांधायचा की नाही यावर वाद घालत बसू नका. कलम ३(२) प्रमाणे ग्रामसभेच्या शिफारशीनं १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन समाजभवनासाठी मिळू शकते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. नुसत्या चौथऱ्यासाठी त्या यादीत जागा नाही. म्हणून समाजभवन मागा आणि त्याला शहिदाचं नाव द्या. तिथं पोरं भरतीचा अभ्यास करतील, बायांचे बचतगट बसतील, ग्रामसभाही पावसात भिजणार नाही. कोनशिलेवर पुढाऱ्यांची नावं किती, हे ग्रामसभेनं आधीच ठरवून ठेवावं. आमचं म्हणणं, एकही नको.

२१ ऑक्टोबरच्या बैठकीला वनहक्क समितीचं दप्तर सोबत आणा. ज्या घरातला माणूस गेला त्या घरचा दावा पहिला वाचा. ठरावावर बायांच्या सह्या-अंगठे घ्या, एक प्रत उपविभागीय समितीला द्या, पोच घ्या, आणि पोचेची झेरॉक्स त्या माऊलीच्या हातात ठेवून या.