आजीला फोन का लागत नाही?



गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या वर्गातली एक मैत्रीण रडवेली होऊन आली. तिची आजी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात एकटी राहते. तीन दिवस आजीला फोन लागत नव्हता. या नंबरावर येणारे फोन बंद आहेत, असे काहीतरी एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होती. इथे ट्रॉयमध्ये बसून मनात काय काय येते! शेवटी पुण्याच्या काकांनी शेजाऱ्यांकडे चौकशी केली. आजी ठणठणीत होती. फक्त तिचा रिचार्ज संपला होता.

आम्हाला आश्चर्य वाटले. आजी स्वतः कोणाला फोन करतच नाही. ती फक्त आपले फोन घेते. मग पैसे कसले? आम्ही घरी विचारले, थोडे वाचले, आणि बाई म्हणाल्या, आता लिहूनच काढा.

आमचे आईबाबा इथे आले तेव्हा भारतात फोन करायला मिनिटाला डॉलरहून जास्त पडत असे. तिकडे परदेशी फोनचे काम विदेश संचार निगम या एकाच कंपनीकडे होते. आई म्हणते, बोलायचे मुद्दे आधी कागदावर लिहून ठेवायचो, आणि निम्मा वेळ "ऐकू येतंय का?" यातच जायचा. ती मक्तेदारी एप्रिल २००२ मध्ये संपली.

भारतात मोबाइल सुरू झाला ३१ जुलै १९९५ ला. (बाई त्याला भ्रमणध्वनी म्हणतात. आम्ही नाही म्हणत.) तेव्हा आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. २००३ पासून येणारा फोन फुकट झाला, आणि मग खेड्यातल्या आजीआजोबांच्या हातातही फोन आला. एके काळी तिथे दहाहून जास्त कंपन्या होत्या. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले. त्यांनी सुरुवातीला सगळे फुकट दिले. इंटरनेट इतके स्वस्त झाले की आपले आजोबा रोज व्हिडिओवर दिसू लागले. हा स्पर्धेचा फायदा आहे आणि तो आम्हाला मान्य आहे.

पण त्या स्पर्धेत बऱ्याच कंपन्या बुडाल्या. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. आता तीन खाजगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल एवढेच उरले. २०१८ च्या शेवटी किमान रिचार्जची अट आली. तो नाही केला की येणारे फोनही बंद! जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. एअरटेलचा १७९ रुपयांचा पॅक १९९ चा झाला. तो चालतो २८ दिवस. म्हणजे वर्षाचे महिने तेरा! त्यात इंटरनेटही येते. आजीच्या बटणांच्या फोनला त्याचा काय उपयोग?

आमच्यातला एकजण म्हणाला की टॉवरला खर्च येतो, आणि अमेरिकेपेक्षा तिकडे फोन अजून खूप स्वस्त आहे. इथेही २०२० मध्ये टी-मोबाइलने स्प्रिंट घेतली आणि चाराच्या तीन मोठ्या कंपन्या झाल्या. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण परदेशातून फोन आला की भारतातल्या कंपनीला इकडच्या कंपनीकडून मिनिटामागे पैसे मिळतात. म्हणजे आपण केलेल्या फोनचे पैसे एकदा दिलेले असतात. मग ते आजीकडून पुन्हा का?

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना इंटरनेटशिवायचे पॅक द्यायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये ते आले, पण ८४ दिवसांचे किंवा वर्षभराचे. एकदम तेवढे पैसे काढणे आजीला जड जाते. शिवाय गावातल्या दुकानदाराने तिला असा पॅक आहे हे सांगितलेच नव्हते. आमचे मत असे की आलेला फोन घेण्यापुरता नंबर थोड्या पैशांत वर्षभर चालू राहिला पाहिजे, आणि तसा नियम ट्रायने करावा.

तोवर आम्ही वर्गाच्या दाराजवळ कालनिर्णय टांगले आहे. त्यावर सहा आजीआजोबांच्या रिचार्जच्या तारखा लाल पेनने लिहिल्या आहेत. तुमच्या आजीची तारीख पुढच्या रविवारी घेऊन या. पेन तिथेच दोरीला बांधला आहे, कृपया घरी नेऊ नये.