सिरियलमध्ये जायचंय म्हणे!

मैत्रिणींनो, ‘मला सिरियलमध्ये काम करायचंय,’ असं म्हणणाऱ्या मुली आता आपल्या बुलडाणा जिल्ह्यातही घरोघरी दिसतात. ते ऐकून आईच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी मला मृणाल ठाकूर आठवते. १९९२ साली धुळ्यात जन्मलेली, म्हणजे आपल्या मलकापूरपलीकडच्या खानदेशातलीच लेक.

२०१२ मध्ये ती हिंदी मालिकेत आली. २०१४ पासून ‘कुमकुम भाग्य’मधली बुलबुल म्हणून घराघरांत पोहोचली. रोजचं काम होतं, ओळख होती. तरी २०१६ मध्ये तिनं ती मालिका सोडली. २०१८ मध्ये ‘लव्ह सोनिया’ आला. त्यात बहिणीला शोधताना देहविक्रीच्या बाजारात अडकणारी खेड्यातली मुलगी तिनं उभी केली. मग ‘सुपर ३०’ आणि २०२२ मध्ये तेलुगू ‘सीता रामम’.

पहिल्या मालिकेपासून ‘लव्ह सोनिया’पर्यंत सहा वर्षं गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं. म्हणून लेकीला लगेच ‘नाही’ म्हणू नका. ‘इतकी वर्षं खपायची तयारी आहे का?’ एवढं विचारा. तोवर शिक्षण चालू राहू द्या, कॉलेजच्या एकांकिकेत तिला उभं राहू द्या. आणि एक गाठ पक्की बांधा: रोल देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कामाचे पैसे कलाकाराला मिळायचे असतात, त्यानं द्यायचे नसतात!